पुन्हा येण्याचे अंतर : प्रस्तावना

'भौतिकोपचार' हा शब्द सरकारी रुग्णालयाच्या पाटीवर आढळतो, बोलण्यात तो कोणी वापरत नाही. वऱ्हाडातील रुग्ण 'शेकायला जातो', 'मशीन लावायला जातो', 'करंट घ्यायला जातो' किंवा अलीकडे 'फिजिओकडे जातो' असे सांगतो. या चारही बोलण्यांत 'जातो' हे क्रियापद कायम आहे, आणि विषयाचे मर्म त्यातच आहे. गोळी घरी नेता येते, शस्त्रक्रिया बहुधा एकदाच होते. परंतु सांधे, स्नायू आणि मज्जासंस्था यांची हरवलेली हालचाल व्यायामाने, हाताच्या कौशल्याने आणि उष्णता किंवा विद्युत्प्रवाह यांसारख्या साधनांनी परत मिळवून देणारे हे शास्त्र रुग्णाने पुन्हापुन्हा येण्यावर उभे आहे. आठवड्यातून तीन वेळा, सहा आठवडे, असा साधा क्रम धरला तरी अठरा फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरीबरोबर बुडालेली मजुरी, एस.टी.चे किंवा काळीपिवळीचे भाडे व सोबतीला येणाऱ्या माणसाचा दिवस जोडलेला असतो. त्यामुळे आरोग्यसेवा लोकांपर्यंत पोहोचवण्याच्या व्यवस्थेत कोणताही बदल झाला, मग तो विम्याचा असो, नव्या रुग्णालयाचा असो वा नोकरभरतीच्या पद्धतीचा असो, त्याचा भौतिकोपचारावरील परिणाम या फेऱ्यांच्या संख्येत दिसतो. प्रस्तुत ग्रंथ हा परिणाम रुग्ण आणि कर्मचारी अशा दोन्ही बाजूंनी तपासतो.

ग्रंथाने केंद्रस्थानी घेतलेले पोहरादेवी हे वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील गाव आहे. संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे देशभरातील बंजारा समाज या गावाला आपली काशी मानतो आणि रामनवमीच्या यात्रेला येथे दूरदूरच्या राज्यांतील तांडे उतरतात. वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. आरोग्य, शिक्षण इत्यादी निकषांवर मागे राहिलेल्या, म्हणून विशेष लक्ष पुरवायच्या 'आकांक्षित' जिल्ह्यांच्या यादीत नीती आयोगाने 2018 मध्ये त्याचा समावेश केला. 5 ऑक्टोबर 2024 रोजी पोहरादेवीत नगाऱ्याच्या आकाराच्या बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले, आणि चारच दिवसांनी, 9 ऑक्टोबरला, राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत वाशीमचे महाविद्यालय होते. पहिल्या घटनेची चर्चा अर्थातच अधिक झाली. गुडघे धरलेल्या यात्रेकरूशी दुसरीचा संबंध जवळचा आहे, पण तो वाटतो तितका सरळ नाही. शिवाय नकाशात हे गाव वाशीम जिल्ह्यात असले तरी बाजार, दवाखाना आणि सोयरीक यांसाठी परिसरातील माणसे यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस-पुसदकडेही वळतात; आरोग्य कार्यक्रमाची नोंदवही जिल्ह्याच्या सीमेवर थांबते, रुग्ण थांबत नाही.

या भागातील दुखण्यांचा आकार कामाने ठरवलेला आहे. सोयाबीनची सोंगणी कमरेत वाकून होते, कापसाची वेचणी दिवसभर उभ्याने आणि कमरेला बांधलेल्या ओट्यात वाढत जाणाऱ्या वजनासह होते, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा शहरातील बांधकामावर जाणाऱ्या तांड्यांतील माणसे महिनोन्महिने डोक्यावर ओझे वाहतात. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात, आणि या हिशेबात एकाची पाठ धरली की उत्पन्न दोघांचे थांबते. घरी परतल्यावरचे जगणे जमिनीवरचे: जेवण मांडी घालून, चूल फुंकणे उकिडवे बसून, कशिद्याचे काम मान खाली घालून. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर सांधा सुमारे 90 अंशांपर्यंत वाकला की खुर्चीवरून उठता येते, म्हणून खुर्ची-टेबलाच्या देशांत लिहिलेल्या पुस्तकांना तेवढ्याने बरेच समाधान असते. ज्या बाईला उकिडवे बसायचे आहे तिला त्याहून पुष्कळ अधिक कोन लागतो, आणि नव्या सांध्याला ते मानवेल की नाही हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधीच तिच्याशी बोलून घ्यायचा असतो. हे बोलणे कोणी करायचे, कोणत्या खोलीत आणि किती वेळ, याचे उत्तर सेवेची रचना देते.

या शास्त्राचा इतिहास पाहिला तर प्रत्येक टप्प्यावर एखादे संकट आणि त्यातून निर्माण झालेली व्यवस्था अशी जोडी दिसते. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी 1813 मध्ये व्यायामशिक्षणाची संस्था काढली आणि रोगोपचारासाठी व्यायामाची शिस्तबद्ध मांडणी केली. इंग्लंडमध्ये 1894 साली काही परिचारिकांनी मालीश करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांचा संघ स्थापन केला, कारण मालिशीच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांपासून त्यांना आपला व्यवसाय वेगळा काढायचा होता. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांनी या कामाला रुग्णालयात हक्काची जागा मिळवून दिली. भारतात हा मान पोलिओकडे जातो. मुंबईत 1952 च्या सुमारास आलेल्या साथीनंतर 1953 मध्ये के.ई.एम. रुग्णालयात महापालिका, केंद्र सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने देशातील पहिली फिजिओथेरपी शाळा सुरू झाली, आणि 1955 मध्ये या व्यावसायिकांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. ज्या रोगाने हा व्यवसाय भारतात आणला तो आता देशात उरलेला नाही. अखेरचा रुग्ण 2011 च्या जानेवारीत आढळला आणि 2014 मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. शाळा मात्र शहरांत रुजल्या, पदव्या शहरांत मिळाल्या आणि व्यवसायाचा चेहरा शहरीच राहिला.

विदर्भाला याला समांतर असा एक वेगळा वारसा आहे, आणि तो सहसा भौतिकोपचाराच्या इतिहासात मोजला जात नाही ही खेदाची गोष्ट आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये, अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धन यांनी 1946 मध्ये आणि पुढे वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी वसाहती उभ्या केल्या. त्याच काळात वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की कुष्ठरोगाने वाकलेली बोटे स्नायूबंध दुसरीकडे जोडून सरळ करता येतात, पण त्या बोटांना नवे काम शिकवणारा व्यायाम शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर झाला तरच ती उपयोगाची राहतात. वसाहतीत रुग्ण तेथेच राहत असल्यामुळे फेऱ्यांचा प्रश्नच नव्हता; चरखा, विणकाम, शेती हीच हाताची शाळा होती. रोजच्या कामातून हालचाल परत मिळवण्याची ही रीत पुढे 'समाजाधारित पुनर्वसन' या नावाने, म्हणजे रुग्णालयाबाहेर घर, शेजार आणि गाव यांच्या मदतीने अपंगत्व कमी करण्याचा विचार म्हणून, 1978 च्या अल्मा-आटा परिषदेनंतर जगभर मांडली गेली. वऱ्हाड-नागपूरच्या वाचकाला तिच्यात फारसे नवे वाटू नये.

उपचाराच्या प्रमुख संप्रदायांकडेही याच दृष्टीने पाहता येते. लकव्याच्या, म्हणजे मेंदूतील रक्तप्रवाह अडून वा रक्तस्राव होऊन आलेल्या पक्षाघाताच्या रुग्णासाठी लंडनमध्ये बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याने विकसित केलेली पद्धत तज्ज्ञाच्या हातांवर विसंबते: शरीर कसे धरायचे, कोठे आधार द्यायचा, कोणती चुकीची हालचाल रोखायची, हे सारे हाताला कळावे लागते. ऑस्ट्रेलियातील जॅनेट कार आणि रॉबर्टा शेफर्ड यांनी 1980 च्या दशकात याच्या उलट बाजूने विचार केला. उठणे, पेला उचलणे, चालणे अशी खरी कामे रुग्णाने स्वतः असंख्य वेळा करावीत आणि तज्ज्ञाने शिक्षकासारखे उभे राहावे, असा त्यांचा आग्रह होता. पाठदुखीच्या क्षेत्रात मेटलंड आणि मुलिगन यांचे संप्रदाय सांध्यांवर हाताने केलेल्या सूक्ष्म हालचालींना महत्त्व देतात, तर न्यूझीलंडचे रॉबिन मॅकेन्झी रुग्णाला स्वतःचे दुखणे स्वतः आवरायला शिकवण्यावर भर देतात. यंत्रांवर आधारलेला चौथा प्रवाह, अल्ट्रासाऊंड, टेन्स (त्वचेवरून दिलेला सौम्य विद्युत्प्रवाह), शेक, कमरेला वजन लावणे यांचा, पाठ्यपुस्तकांत उत्तरोत्तर मागे पडत गेला, पण छोट्या शहरांतील दवाखान्यांत त्याचेच राज्य आहे. याचे कारण उघड आहे. यंत्र एकाच वेळी तीन खाटांवर लावता येते, त्याचे पैसे मागताना संकोच वाटत नाही, आणि रुग्णालाही 'काहीतरी दिले' असे वाटते; अर्धा तास बोलून चार व्यायाम शिकवणाऱ्याला मात्र 'नुसते हातपाय हलवायला सांगतो' हा शेरा मिळतो. कोणता संप्रदाय श्रेष्ठ हा वाद परिषदांत रंगतो. प्रत्यक्षात कोणत्या गावाला कोणता संप्रदाय मिळेल हे तेथील वेळ आणि भाडेखर्च ठरवतात.

येथे एका साध्या दुखापतीकडे जवळून पाहणे उपयोगाचे ठरेल. पडताना हात टेकला आणि मनगटाचे हाड मोडले, की साधारण सहा आठवडे प्लास्टर राहते. ते निघते तेव्हा बोटे आखडलेली असतात, मूठ अर्धीच मिटते, कातडी कोरडी आणि हात बारीक झालेला असतो. रुग्णाच्या लेखी प्लास्टर निघाले म्हणजे हात सुटला. शास्त्राच्या लेखी काम आता सुरू होते. तज्ज्ञ गोनिओमीटर, म्हणजे दोन पट्ट्यांचा कोनमापक, मनगटावर ठेवून हालचाल मोजतो आणि क्रम ठरवतो. या क्रमात रबरी चेंडूची जागा भिजवलेली कणीक घेऊ शकते, वजनाची जागा मिठाची पुडी घेऊ शकते, आणि पुढच्या टप्प्यात भाकरी थापणे हा उत्तम व्यायाम ठरतो, कारण थापताना तळहात उघडा राहतो, मनगट मागे वळते आणि परातीत भाकरी फिरवताना बोटे सुटी होतात. परंतु हात सुजलेला असताना तीच भाकरी आठवडाभर आधी थापली तर दुखणे वाढते. आधी काय आणि नंतर काय, हे ठरवायला कोणीतरी तो हात पुन्हा पाहावा लागतो, आणि पुन्हा पाहणे हीच व्यवस्थेला सर्वांत महाग पडणारी गोष्ट आहे.

गेल्या दोन दशकांत महाराष्ट्रातील व्यवस्था झपाट्याने बदलली. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय या उतरंडीला पैसा व माणसे दिली, परंतु प्राथमिक केंद्राच्या ठरलेल्या कर्मचाऱ्यांत भौतिकोपचारतज्ज्ञाला जागा नव्हती. 2010 च्या ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयापासून खालपर्यंत या सेवेची कल्पना मांडली; 2013 मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने जिल्हा पातळीवर लवकर निदान व उपचाराची केंद्रे आणली आणि उशिरा मान धरणारे, उशिरा बसणारे बाळ प्रथमच व्यवस्थेच्या नजरेत आले. 2018 पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे झाली, पुढे त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळाले, आणि तेथील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या कामांत वृद्धांची सेवाही आली. या अधिकाऱ्याला चार व्यायाम नीट शिकवले तर तांड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर निम्मे काम होऊ शकते, असे प्रस्तुत ग्रंथाचे प्रतिपादन आहे, आणि ते पटण्यासारखे आहे.

विम्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेली आणि 2017 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी योजना, आणि तिच्याशी जोडलेली केंद्राची आयुष्मान भारत योजना, यांमुळे ज्या कुटुंबांनी मोठ्या शस्त्रक्रियेचा कधी विचारही केला नसता त्यांना ती मिळू लागली. हे यश मोठेच आहे. मात्र या योजना 'पॅकेज' या एककात विचार करतात, म्हणजे एका आजारासाठी दाखल होण्यापासून घरी जाण्यापर्यंतची एक ठरलेली रक्कम. केंद्राच्या योजनेत रुग्णालयातून सोडल्यानंतरचे 15 दिवस त्यात धरले जातात. बसवलेला सांधा किंवा लकव्याचा हात 15 दिवसांत कामाला लागत नाही. त्याला महिने लागतात, आणि ते महिने दाखल नसलेल्या रुग्णाचे, म्हणजे स्वतःच्या खिशाचे असतात. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, तेव्हा केसपेपरचे पैसे वाचले. रुग्णाचा खरा खर्च रस्त्यावर होता आणि तो तसाच राहिला. नवे वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी तज्ज्ञ आणील, अवघड शस्त्रक्रियांसाठी अकोला-नागपूर गाठण्याची गरज कमी करील, पण सतरावी आणि अठरावी फेरी ते जवळ आणू शकत नाही. ते काम वाशीमपेक्षा मानोऱ्यात आणि मानोऱ्यापेक्षा तांड्यावर व्हावे लागेल.

कर्मचाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर याच बदलांचा अर्थ वेगळा लागतो. एकाच जिल्ह्यात प्राथमिक केंद्रे जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आणि वैद्यकीय महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असतात. रुग्ण या तीन घरांतून सहज फिरतो, त्याचा कागद फिरत नाही आणि कर्मचाऱ्याची नेमणूक तर मुळीच फिरत नाही. आरोग्य अभियानातील पदे बहुतांशी कंत्राटी आहेत: ठरावीक मुदतीचा करार, पगाराऐवजी मानधन आणि दरवर्षी पुनर्नियुक्तीची वाट. 10 वर्षे सेवा झालेल्यांना नियमित करण्याच्या मागणीसाठी राज्यातील अभियान कर्मचारी ऑगस्ट 2025 मध्ये संपावर गेले, त्यात हेच दुखणे होते. अस्थिर नोकरीचा उपचाराशी काय संबंध, असा प्रश्न प्रशासकाला पडू शकतो. लकव्याच्या रुग्णाचा विश्वास एका माणसावर बसतो. तो माणूस मार्चअखेरीस बदलला की रुग्ण पुन्हा शून्यावर येतो किंवा येणे सोडतो. त्यातच मासिक अहवालात 'रुग्णसंख्या' हा एकच रकाना असेल, तर वीस जणांना प्रत्येकी पाच मिनिटे शेक देणारा कार्यक्षम ठरतो आणि सहा जणांना नीट शिकवणारा मागे पडतो.

दर्जाचा प्रश्न याला लागूनच आहे. महाराष्ट्राने 2002 च्या कायद्याने व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेची तरतूद केली. केंद्राने 2021 मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. 2025 मध्ये भौतिकोपचारतज्ज्ञांनी नावामागे 'डॉक्टर' लावावे की नाही यावर जो वाद झाला, त्यात केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने सप्टेंबरमध्ये एके दिवशी मनाईचे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. उपाधीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की रुग्णाने डॉक्टरची चिठ्ठी नसताना थेट भौतिकोपचारतज्ज्ञाकडे जावे काय. ऑस्ट्रेलियातील व्यावसायिक संघटनेने 1976 मध्येच याला मोकळीक दिली, आणि ब्रिटनमध्ये आज कुटुंबवैद्याच्या दवाखान्यात पाठदुखीचा रुग्ण प्रथम फिजिओथेरपिस्टलाच भेटू शकतो. पोहरादेवीच्या परिसरात थेट जाण्याची प्रथा जुनीच आहे, फक्त ती हाडवैद्याकडे आणि मालीश करणाऱ्याकडे आहे. त्याला नुसते अडाणीपण म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. हाडवैद्य जवळ असतो, गोरबोली, म्हणजे बंजारा भाषा, बोलतो, रात्री उठवला तरी येतो. त्याच्या हातून बिघडलेली हाडेही असतात आणि ती लपवण्याचे कारण नाही. परंतु त्याची जागा घ्यायची असेल तर त्याच्याइतके जवळ यावे लागेल.

करोनाच्या साथीने छातीच्या व्यायामाला आणि पालथे झोपवण्याला घराघरांत ओळख दिली, शिवाय दूरचित्र सल्ल्याची सवय लावली. मोबाईलवर व्यायाम पाहता येतो हे खरे. दुखऱ्या खांद्याचा ताठरपणा मात्र पडद्यातून हाताला लागत नाही, आणि तांड्यावर फोन बहुधा मुलाकडे असतो, जो कामाला पुण्यात असतो. शिबिरांचीही अशीच मर्यादा आहे. यात्रेत कमरपट्टे, काठ्या, कुबड्या, तीनचाकी सायकली वाटल्या जातात; काठी कोणत्या हातात धरायची हे, म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, सांगायला शिबिरानंतर कोणी नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगातील सुमारे 240 कोटी माणसांना, म्हणजे दर तिघांतील एकाला, पुनर्वसनसेवेचा उपयोग होऊ शकतो. आयुष्य वाढले, अपघात वाढले, मधुमेह आणि रक्तदाब खेड्यात पोहोचले. मृत्यू टळतो आणि हालचाल अडते, अशी अवस्था पुढील काळात वाढतच जाणार आहे. मृत्यू मोजणारी व्यवस्था हालचाल कशी मोजणार, हा प्रश्न या ग्रंथाने हाती घेतला आहे. त्याने आकडेवारीचा डोंगर रचलेला नाही. रुग्णाची वाट आणि कर्मचाऱ्याचा दिवस ही दोन सूत्रे समोरासमोर ठेवून, एकाच्या अडचणीचे कारण दुसऱ्याच्या अडचणीत शोधण्याची त्याची पद्धत आहे. खासगी महाविद्यालयांतील शिक्षणाचा खर्च आणि पदवीधरांचे परदेशगमन यांना त्यात मिळालेली जागा अपुरी आहे, आणि स्त्री-कर्मचाऱ्यांच्या प्रवासाचा व सुरक्षिततेचा प्रश्न अधिक विस्ताराने यायला हवा होता. तरीही मराठीत या विषयावर तालुक्याच्या पातळीवरून लिहिण्याचा प्रयत्न झाला, याचे मोल कमी नाही.

वाचकांना एकच विनंती आहे. घरात कोणाचे हाड मोडले असेल, कोणाला लकवा झाला असेल, तर रुग्णालयाने दिलेले डिस्चार्ज कार्ड काढून पाहावे, त्यावर व्यायामाविषयी काय लिहिले होते आणि सांगितलेल्या फेऱ्यांपैकी किती झाल्या हे नोंदवावे, आणि फेऱ्या मध्येच सुटल्या असतील तर कितव्या फेरीला व कोणत्या कारणाने, तेवढे प्रकाशकांच्या पत्त्यावर कळवावे. पुढील आवृत्तीसाठी याच माहितीची सर्वाधिक गरज आहे.